पहिलें औषध कोणतें ?

कांदिवली स्टेशनाच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, चारकोप म्हणून वस्ती आहे. जागतिक बँकेच्या साह्यानें १९८५ सालीं जी मुंबई नागरी विकास योजना सुरू झाली, तिच्यांत येथें लहान लहान भूखंड पाडून ते बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस देण्यांत आले. त्या कुटुंबांनीं सोसायट्या स्थापून, कर्ज काढून, पै-पै जोडून घरें उभारलीं. तिशी-चाळिशींत तेथें राहावयास आलेलीं तीं माणसें आज सत्तरीच्या घरांत आहेत. आणि सत्तरीच्या घरांतील माणसांनाच विशेषेंकरून गांठणाऱ्या एका रोगाची ही कथा आहे.

असें समजावें कीं, अशाच एका घरांतील वडील माणसाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. रिवाजाप्रमाणें आधीं रक्त तपासलें. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या चाळीस हजार निघाल्या. गृहस्थ तर रोज सकाळीं फिरावयास जाणारे, दोन वेळां नीट जेवणारे. तक्रार म्हणून कांहीं नाहीं. पुढील तपासण्या झाल्या आणि कागदावर नांव आलें : क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्तांतील लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींचा, सावकाश वाढणारा कर्करोग. तो शब्द ऐकतांच घरांतील सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. मुलानें विचारलें, "डॉक्टर, बाबांना कोणतें औषध सुरू करावयाचें ?" डॉक्टर म्हणाले, "तूर्त कोणतेंच नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासूं."

घरीं परततांना मुलाच्या मनांत नाना शंका उभ्या राहिल्या. म्हातारा माणूस म्हणून ही हयगय तर नव्हे ? आपली ऐपत पाहून तर असें सांगितलें नाहीं ? शंका स्वाभाविक आहेत. परंतु डॉक्टरांचें उत्तर हयगयीचें नव्हे. तें उत्तर हातीं येण्यास वैद्यकशास्त्राला दीडशें वर्षें लागलीं, आणि त्यासाठीं हजारों रोग्यांनीं आपलीं शरीरें कसोटीला लावलीं.

ल्युकेमियाचें पहिलें स्पष्ट वर्णन १८४५ सालीं झालें. बर्लिनमध्यें रुडॉल्फ फिरशो व एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट यांनीं, एकाचें दुसऱ्यास ठाऊक नसतां, रक्त पांढुरकें होऊन दगावलेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन वर्षांनीं फिरशोनें त्यास "पांढरें रक्त" या अर्थाचें ग्रीक नांव दिलें, तेंच ल्युकेमिया. पुढें या रोगाचे प्रकार वेगळे ओळखूं येऊं लागले. त्यांपैकीं कांहीं आठवड्यांत माणसास नेतात, तर कांहीं वर्षानुवर्षें रेंगाळतात. लिम्फोसाइटांचा हा रेंगाळणारा प्रकार युरोप-अमेरिकेंतील प्रौढांमध्यें सर्वांत अधिक आढळतो. आपल्याकडे तो त्या मानानें विरळा आहे.

उपाय म्हणाल तर प्रथम सोमलाचा अर्क देत. विसाव्या शतकाच्या आरंभीं क्ष-किरण आले. त्यांनीं सुजलेली पांथरी व मानेंतील, काखेंतील गांठी कांहीं काळ बसत. १९३६ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत जॉन लॉरेन्स यांनीं किरणोत्सर्गी फॉस्फरसाचा प्रयोग केला. या साऱ्यांनीं थोडाफार आराम पडे. परंतु आयुष्य वाढतें कीं नाहीं हें कोणीच सांगूं शकत नव्हता, कारण तें मोजण्याची रीतच अद्याप रूढ झाली नव्हती.

या हतबलतेची झळ मुंबईंतील एका नामांकित घरास लागली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या टेनिसपटु व स्त्रियांच्या चळवळीच्या पुढारी म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांना ल्युकेमिया झाला आणि १८ जून १९३१ रोजीं वेल्समधील एका शुश्रूषागृहांत त्यांचें देहावसान झालें. पैशानें मिळूं शकणारे सर्व उपाय हाताशीं असतां ही गति झाली. दुसऱ्याच वर्षीं, १९३२ च्या एप्रिलांत, सर दोराबजींनीं पत्नीच्या नांवें लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला व त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगांतील कोणत्याहि देशांत चालणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनास लावून दिला. त्याच सालच्या जूनमध्यें ते स्वतःहि निवर्तले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशांतून परळ येथें टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभें राहून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उचलली. पुढें १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें मुंबईंतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू केली. रोग मोजल्यावांचून त्याच्याशीं झुंजतां येत नाहीं, हा धडा मुंबईनेंहि गिरविला.

औषध मात्र आलें तें अगदीं निराळ्या वाटेनें. आणि ती वाट रणांगणावरून जात होती. पहिल्या महायुद्धांत, १९१७ च्या जुलैंत, बेल्जममधील ईप्र येथें जर्मनांनीं मोहरीसारख्या वासाचा एक विषारी वायु सोडला. तोच मस्टर्ड गॅस. त्यानें मेलेल्यांच्या शरीरांची चिकित्सा करतां असें आढळलें कीं, त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा झाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील येल विद्यापीठांत लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनीं विचार केला कीं, जें द्रव्य निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी मारतें, तें त्याच पेशी बेसुमार वाढलेल्या माणसास उपकारक कां होऊं नये ? १९४२ च्या ऑगस्टांत त्यांच्या हातून नायट्रोजन मस्टर्ड एका रोग्यास देण्यांत आलें व त्याच्या गांठी वितळल्या. युद्धकाळची गुप्तता असल्यामुळें ही वार्ता जगाला १९४६ सालीं कळली. त्या रोग्याचा गुण टिकला नाहीं. परंतु रसायनानें कर्करोग हटतो, ही गोष्ट त्यानें सिद्ध केली.

मूळ द्रव्य फार दाहक होतें. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेंतील रसायनज्ञांनीं त्याला सौम्य करण्याचा उद्योग आरंभिला आणि १९५३ सालीं क्लोरॅम्ब्युसिल तयार झालें. त्याचा पहिला क्रमांक "सीबी १३४८" असा होता. डेव्हिड गॅल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं त्याचे रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केले. पेशीच्या केंद्रकांत डीएनएचे जे दोन धागे असतात, ते हें द्रव्य एकमेकांस जखडून टाकतें. मग पेशीला दुभंगून वाढतां येत नाहीं. शिवाय हें औषध गोळीचें. घरीं बसून घेण्याजोगें, स्वस्त, आणि बहुतेकांस सोसणारें. पुढें चाळीस-पन्नास वर्षें या रोगांत "पहिलें औषध" म्हणजे क्लोरॅम्ब्युसिल, असें समीकरणच होऊन बसलें.

औषध हातीं आलें कीं तें देण्याचा मोह होतो. रक्तांतील आंकडा चढलेला दिसला कीं गोळी द्यावी, आंकडा उतरला कीं वैद्यानें व रोग्यानें समाधान मानावें, असा क्रम पडला. परंतु आंकडा उतरणें म्हणजे आयुष्य वाढणें नव्हे. हा भेद प्रथम स्पष्ट करण्यास ज्यांचें साह्य झालें, त्यांत राजस्थानांत जन्मलेले व अमेरिकेंत स्थायिक झालेले डॉ. कांती राय हे अग्रगण्य होत. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं या रोगाच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या पाडल्या. नुसत्या पेशी वाढलेल्या असतील तर शून्य. गांठी आल्या तर एक. पांथरी किंवा यकृत वाढलें तर दोन. रक्तक्षय झाला तर तीन. आणि रक्त गोठविणाऱ्या पेशी घटल्या तर चार. त्यांनीं अभ्यासिलेल्या रोग्यांत शून्य पायरीवरील माणसें मध्यमानानें साडेबारा वर्षांहून अधिक जगलीं, तर तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील केवळ एकोणीस महिने. एकाच नांवाचा रोग, पण दोघांचें भविष्य इतकें भिन्न ! मग दोघांस एकच औषध, एकाच वेळीं, कां द्यावें ?

या प्रश्नाचें उत्तर फ्रान्समधील डॉक्टरांनीं मिळविलें. १९८० व १९८५ सालीं सुरू केलेल्या दोन चाचण्यांत त्यांनीं आरंभींच्या अवस्थेंतील एकंदर १५३५ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटास लगेच क्लोरॅम्ब्युसिल दिलें. दुसऱ्यास रोग बळावेपर्यंत कांहींच दिलें नाहीं. १९९८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. औषध लगेच घेतलेल्यांचा रोग कांहींसा उशिरां वाढला. पण आयुष्य एका दिवसानेंहि वाढल्याचें दिसेना. उलट, पहिल्या चाचणींत ज्यांना थांबविलें होतें त्यांपैकीं शेंकडा ४९ जणांचा रोग अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी पुढें सरकला नव्हता, व त्यांना औषधाची गरजच पडली नव्हती. त्यांना आधींच गोळी दिली असती तर गोळीचा त्रास तेवढा त्यांच्या पदरीं पडता. चारकोपच्या त्या घरांत डॉक्टरांनीं दिलेल्या उत्तराचें मूळ हें आहे.

परंतु ज्यांचा रोग खरोखरीच बळावला त्यांना काय द्यावें ? इतक्यांत क्लोरॅम्ब्युसिलला एक प्रतिस्पर्धी निघाला होता. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत तयार झालेलें फ्लुडाराबीन हें औषध डीएनएच्या एका घटकाची हुबेहूब नक्कल आहे. घर बांधतांना कच्ची वीट मिसळली जावी व भिंत तेथेंच खचावी, त्याप्रमाणें नवा डीएनए घडतांना तें आंत शिरतें व काम थांबवितें. डॉ. राय यांच्याच पुढारीपणाखालीं ५०९ रोग्यांवर झालेली तुलना २००० सालीं प्रसिद्ध झाली. क्लोरॅम्ब्युसिलनें शेंकडा ४ जणांचा रोग पूर्णपणें दिसेनासा झाला, तर फ्लुडाराबीननें शेंकडा २० जणांचा. रोग पुन्हां वाढेपर्यंतचा मध्यम काळ पहिल्यानें चौदा महिने, तर दुसऱ्यानें वीस महिने. विजय स्पष्ट दिसतो. तथापि एकंदर आयुष्याच्या मापानें दोन्ही गटांत निश्चित म्हणतां येईल असा फरक आढळला नाहीं. ज्यांना पहिली गोळी लागू पडली नाहीं त्यांना मागाहून दुसरें औषध देतां येत होतें, हेंहि त्याचें एक कारण.

आणि वृद्धांची गोष्ट तर याहून वेगळी निघाली. जर्मन डॉक्टरांनीं पासष्ट वर्षांवरील १९३ रोग्यांत हींच दोन औषधें तोलून पाहिलीं. २००९ सालीं निकाल लागला तो असा : फ्लुडाराबीननें अधिक जणांस गुण आला, परंतु रोग दूर राहण्याचा काळ एका गटांत एकोणीस महिने व दुसऱ्यांत अठरा, म्हणजे जवळजवळ सारखाच; आणि आयुष्यांत कांहींच लाभ नाहीं. या औषधानें शरीराचें रक्षण करणाऱ्या इतरहि पेशी दीर्घकाळ दबून राहतात व आगंतुक रोगांस दार उघडें होतें. तरण्यास जें मानवतें तें म्हाताऱ्यास मानवेलच असें नाहीं, हें आजीबाईच्या बटव्यांतील शहाणपण येथें आंकड्यांनीं सिद्ध झालें.

मग औषधांच्या जोड्या आल्या. इंग्लंडांत ७७७ रोग्यांवर झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत फ्लुडाराबीनबरोबर सायक्लोफॉस्फामाइड हें मस्टर्डच्याच कुळांतील औषध दिलें. तेव्हां पांच वर्षांनंतर रोग न वाढलेले रोगी शेंकडा ३६ होते, तर एकेकटें औषध घेतलेल्यांत केवळ शेंकडा १०. आयुष्य मात्र तेवढेंच ! तें वाढल्याचें प्रथम दिसलें तें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या जर्मनांच्या चाचणींत. ८१७ रोग्यांपैकीं अर्ध्यांना या जोडीसह रिटक्सिमॅब दिलें. हें रसायन नव्हे. रोगट पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट खूण ओळखून तिलाच चिकटणारें तें प्रतिद्रव्य आहे. तीन वर्षांनंतर तिन्ही औषधें घेतलेले शेंकडा ८७ हयात होते, दोनच घेतलेले शेंकडा ८३. फरक चारांचाच, पण पहिल्या औषधाच्या निवडीनें माणूस अधिक जगतो, असें या रोगांत म्हणण्यास तेव्हांपासून आधार मिळाला. हिंदुस्थानांत रिटक्सिमॅबच्या तोडीचें स्वस्त औषध हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजनें २००७ सालींच बाजारांत आणलें होतें.

तिसरा मल्ल आला तो भिंतीपलीकडून. पूर्व जर्मनींतील येना शहरीं १९६३ च्या सुमारास बेंडामस्टीन तयार झालें होतें; परंतु जर्मनीचे दोन तुकडे असेतों पश्चिमेस त्याची फारशी वार्ता नव्हती. २००९ सालीं ३१९ रोग्यांच्या तुलनेंत त्यानें क्लोरॅम्ब्युसिलला मागें टाकलें : रोग दूर राहण्याचा काळ एकवीस महिन्यांहून अधिक, तर क्लोरॅम्ब्युसिलनें आठ. मग २०१६ सालीं ५६१ धडधाकट रोग्यांत फ्लुडाराबीनच्या तिहेरी योजनेशीं त्याची झुंज लागली. बेंडामस्टीनबरोबरहि रिटक्सिमॅब होतेंच. तिहेरी योजनेनें रोग पंचावन्न महिने दूर राहिला, बेंडामस्टीननें बेचाळीस. पण गंभीर संसर्ग पहिल्या गटांत शेंकडा ३९ जणांस झाले, दुसऱ्यांत शेंकडा २५. पासष्ट वर्षांपुढील माणसांत तर रोग दूर राहण्याच्या काळांतहि निश्चित फरक उरला नाहीं. तेव्हां तरुणास एक व वयस्कास दुसरें, असा निवाडा झाला.

आणि ज्यांचें वय सत्तरीच्या पुढें, शिवाय मधुमेह, हृद्रोग, मूत्रपिंडाचा अशक्तपणा सोबतीस, त्यांचें काय ? अशा ७८१ रोग्यांत जुन्या क्लोरॅम्ब्युसिललाच प्रतिद्रव्याची जोड देऊन पाहिली. २०१४ चा निकाल असा : एकटी गोळी अकरा महिने, रिटक्सिमॅबसह सोळा महिने, आणि ओबिनुट्यूझुमॅब या नव्या प्रतिद्रव्यासह जवळजवळ सत्तावीस महिने.

येथपर्यंत रसायनांचें राज्य होतें. त्यानंतर पेशीच्या वाढीचा अंतर्गत निरोपच तोडणाऱ्या गोळ्या आल्या. २०१५ सालीं पासष्टीवरील २६९ रोग्यांत इब्रुटिनिब व क्लोरॅम्ब्युसिल यांची तुलना झाली : दोन वर्षांनीं हयात असलेले शेंकडा ९८ व ८५. २०१९ सालीं सत्तरीपर्यंतच्या ५२९ रोग्यांत रिटक्सिमॅबसह इब्रुटिनिबनें फ्लुडाराबीनच्या तिहेरी योजनेसहि हरविलें. त्याच वर्षीं व्हेनेटोक्लॅक्स या गोळीची, एक वर्ष घेऊन थांबवावयाची, योजना पुढें आली. म्हणून आज जेथें हीं औषधें मिळतात व परवडतात तेथें पहिल्या औषधाचा मान रसायनांकडे राहिलेला नाहीं. विशेषतः ज्यांच्या रोगट पेशींत सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, त्यांच्यावर जुनीं रसायनें जवळजवळ निष्प्रभ ठरतात. म्हणून औषध आरंभण्यापूर्वीं ती तपासणी करून घेणें अगत्याचें असतें.

परंतु नवें तें निर्दोष, असेंहि समजूं नये. इब्रुटिनिबनें हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्तस्राव होऊं शकतो, आणि तें लागू पडे तोंवर वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. तो खर्च पेन्शनीवर चालणाऱ्या घरास झेपणें कठीण. अशा घरास क्लोरॅम्ब्युसिल व बेंडामस्टीन यांचा आधार अजूनहि उरला आहे. जुनें औषध पराभूत झालें म्हणून निरुपयोगी झालें, असें नाहीं. उलट, नव्या प्रत्येक औषधानें आपला कस सिद्ध केला तो या जुन्या गोळीशीं तोलून. साठ वर्षें तिनें तराजूंतील वजनाचें काम केलें.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य काय ? "पहिलें औषध कोणतें ?" हा प्रश्न एकटा उभा राहूं शकत नाहीं. त्याच्या आधीं "केव्हां ?" आणि "कोणाला ?" हे दोन प्रश्न विचारावे लागतात. हिमोग्लोबिन उतरूं लागलें, रक्त गोठविणाऱ्या पेशी घटल्या, गांठी वा पांथरी फार वाढली, सहा महिन्यांत वजन दशांशानें घटलें, रात्रीं घामानें अंथरूण भिजूं लागलें, किंवा पेशींची संख्या सहा महिन्यांच्या आंत दुप्पट झाली, म्हणजे वेळ आली असें समजावें. तोंवर नेमानें तपासणी करावी, न्यूमोनिया व फ्लूच्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्यानें टोंचून घ्याव्यात, ताप अंगावर काढूं नये. हें थांबणें म्हणजे निष्क्रियता नव्हे. ती डोळ्यांत तेल घालून केलेली राखण आहे.

चारकोपचे ते गृहस्थ तीन महिन्यांनीं मुलासह कांदिवलीहून लोकल धरून परळला जातील. कागदावरचा आंकडा चाळीस हजारांचा बेचाळीस झालेला असेल, आणि डॉक्टर पुन्हां तेंच सांगतील : "काका, तूर्त औषध नको." त्या वेळीं मुलानें मनांत किंतु आणूं नये. मेहेरबाईंना वांचवूं शकेल असा उपाय ज्या काळीं जगांत कोठेंच नव्हता, त्या काळापासून आजपर्यंत हजारों अनामिक माणसांनीं चिठ्ठींत जें नांव निघेल तें औषध घेतलें, किंवा औषधावांचून वाट पाहिली. तेव्हां कोठें आज एका वृद्धास निर्धास्तपणें "घरीं जा" असें सांगतां येतें.